दोन उभ्या रेघा

कागदावर शेजारी शेजारी दोन उभ्या रेघा ओढलेल्या आहेत. त्यांचा अर्थ काय? जुन्या मराठी हिशेबनिसाला हा प्रश्न केला असता, तर त्याने न अडखळता ‘अर्धा’ असे उत्तर दिले असते. जमाखर्चाच्या वहीत अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण, अशी आपल्याकडची पद्धत होती. एकाच्या आकड्यापुढे दोन रेघा आल्या की दीड होत असे. आज शाळेत शिकणाऱ्या मुलाला त्याच रेघा दाखविल्या, तर तो इंग्रजी आकड्यांच्या सवयीने ‘अकरा’ म्हणेल. रुग्णालयात काम करणारी अनुभवी परिचारिका त्याच रेघा पाहील आणि बहुधा ‘दोन’ असे वाचील. तिच्या दृष्टीने ते रोमन अंक असतात. अर्धा, दोन आणि अकरा ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु हा कागद औषधाच्या मात्रेचा असेल, तर त्यातले एकच उत्तर रोग्याच्या हिताचे असते.

रुग्णसेवेत शिरणाऱ्या तरुण मुलामुलींना रोमन अंक का शिकावे लागतात, आणि ते शिकताना कोणते भान राखावे लागते, हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. सात अक्षरे आणि चार नियम, त्यात शिकण्यासारखे ते किती, असेही कोणी म्हणेल. पण हा विषय ज्या घरांत रोजच्या व्यवहाराचा होतो, तेथे जाऊन पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानात येते.

नागपूरहून हावड्याकडे जाणारी आगगाडी डोंगरगड आणि राजनांदगाव मागे टाकून दुर्गला पोहोचते, तेव्हा मराठी प्रवाशाला आपण अगदी परक्या मुलखात आलो असे वाटत नाही. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडावर भोसल्यांचा अंमल होता. आणि पुढे १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. त्याच सुमारास दुर्गशेजारी भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहती आल्या, शाळा आल्या, सेक्टर नऊमधले मोठे रुग्णालय आले. देशातल्या सर्व प्रांतांची माणसे पोटासाठी येथे एकत्र आली. दुर्ग आणि भिलाई यांच्या या जोडवस्तीत मोहन नगर नावाचा एक भाग आहे.

अशा वस्तीतल्या एखाद्या मराठी घरातली मुलगी परिचर्येच्या शिक्षणासाठी नाव घालते, असे क्षणभर कल्पावे. तिच्या घरी भिंतीवर मराठी दिनदर्शिका टांगलेली असते आणि तीवर आजी एकादशी, चतुर्थी देवनागरी अंकांत शोधते. शाळेत ती शिकली ते आंतरराष्ट्रीय अंक. राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजासाठी हेच रूप ठरविले आहे, आणि त्याला ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असे यथार्थ नाव दिले आहे. या दोन्ही अंकमाला मुळात एकाच घराण्यातल्या. स्थानावरून किंमत आणि रिकाम्या जागी शून्य, हे दोन्हींचे तत्त्व एकच आहे. रुग्णालयाच्या दारात मात्र तिला तिसरी अंकमाला भेटते, आणि तिचे कूळ अगदीच वेगळे असते.

या अंकमालेत शून्य नाही. आय, व्ही, एक्स, एल, सी, डी आणि एम ही सात अक्षरे म्हणजे अनुक्रमे एक, पाच, दहा, पन्नास, शंभर, पाचशे आणि हजार. मोठ्या अक्षरानंतर लहान अक्षर आले की मिळवायचे, मोठ्या अक्षरापूर्वी लहान आले की वजा करायचे. आय, एक्स, सी आणि एम ही अक्षरे लागोपाठ तीनदाच लिहायची. व्ही, एल आणि डी दुबार लिहायचीच नाहीत. इतके नियम समजले की वाचन साधते. अठ्ठ्याऐंशी लिहायला आठ अक्षरे खर्च होतात आणि नव्वद दोनच अक्षरांत भागते, अशी ही ओबडधोबड रीत आहे. या अंकांत गुणाकार-भागाकार करू पाहणाऱ्याला आपल्या पूर्वजांच्या शून्याची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

वजाबाकीची ही रीत इतरांना चमत्कारिक वाटेल. मराठी माणसाला वाटू नये. कारण ती त्याच्या जिभेवर आहे. एकोणीस म्हणजे ‘एक ऊन वीस’, विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही सारी त्याच घडणीची. पावणेदोन म्हणताना आपण दोनातून पाव वजाच करतो. तेव्हा एक्सच्या आधी आय आला की नऊ, हे मराठी मुलीला चटकन उमगते.

मात्र जी सवय मदतीला येते, तीच पुढे घात करू शकते. मराठी मनाने एकोणीस लिहू गेले, तर विसाचे दोन एक्स मांडून त्यांच्या आधी एक आय ठेवावा असे वाटते. ते चूक आहे. रोमन रीतीत आधी दहा लिहायचे आणि मग नऊ. म्हणजे एक्स, आय, एक्स. तसेच एकोणपन्नास म्हणजे पन्नासाच्या एलपूर्वी एक आय नव्हे. आधी चाळीस, मग नऊ, म्हणजे एक्स, एल, आय, एक्स अशी चार अक्षरे तेथे लागतात. आय फक्त व्ही आणि एक्स यांच्यातूनच वजा होतो, हा नियम एकदा हाताला वळण पडेपर्यंत लिहून पाहावा लागतो. दुसरी चूक भिंतीवरचे घड्याळ शिकविते. रोमन अंकांच्या पुष्कळ तबकड्यांवर चारच्या जागी चार उभ्या रेघा असतात. घड्याळजींची ती जुनी परंपरा आहे. रुग्णालयात चार म्हणजे आय आणि व्ही.

हे अंक वैद्यकात आले कोठून? युरोपातील वैद्यकाची भाषा शतकानुशतके लॅटिन होती, आणि औषधाची चिठ्ठी लॅटिनमध्ये लिहिली जाई. औषधे ग्रेनच्या मापाने तोलली जात, आणि आधी माप व मग रोमन अंक असा लिहिण्याचा क्रम असे. ‘ग्रेन पाच’ लिहायचे तर पाचासाठी व्ही. ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्या दवाखान्यांत आली आणि कंपाउंडरांच्या दोन-तीन पिढ्यांनी ती गिरविली. तिच्यात सावधगिरीच्या काही सुंदर युक्त्या होत्या. अंकावर आडवी रेघ ओढून वर टिंबे देत, म्हणजे दोन रेघांचे अकरा होऊ नयेत. शेवटचा आय खाली शेपूट काढून जे अक्षरासारखा लिहीत, म्हणजे मागाहून कोणी एक रेघ वाढवून दोनाचे तीन करू नयेत.

आपल्या सावकारी पेढ्यांनाही हे भय ठाऊक होते. हुंडीत रक्कम अंकांनी लिहीत, अक्षरांनी लिहीत, आणि तिचे निम्मे किती तेही लिहून ठेवीत. आजही पावतीवर रकमेच्या शेवटी ‘फक्त’ हा शब्द येतो. पैशाच्या कागदावर एका रेघेची जी काळजी पेढीवाल्यांनी वाहिली, ती रोग्याच्या कागदावर वाहू नये असे कोण म्हणेल?

पुढे ग्रेन गेले. १९५६ साली भारताने वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धती स्वीकारली आणि औषधे मिलिग्रॅममध्ये आली. तरी जुन्या मापाची एक खूण टिकून आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम. पाच ग्रेनचे झाले तीनशे पंचवीस. काही गोळ्यांवर दिसणारा ३२५ हा आडनिडा आकडा म्हणजे त्या जुन्या ‘ग्रेन पाच’चाच वारसा होय.

मग मात्रा जर साध्या अंकांत आल्या, तर रोमन अंक अजून का शिकायचे? याचे उत्तर असे की मोजण्याच्या कामातून ते निवृत्त झाले, परंतु नाव देण्याच्या कामावर ते अजून हजर आहेत. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोडमज्जातंतूंना १७७८ साली सोमरिंग या जर्मन शारीरशास्त्रज्ञाने पुढून मागे असा क्रम लावला, आणि ते रोमन अंकांनी ओळखले जाऊ लागले. पहिला वासाचा, दुसरा दृष्टीचा, सातवा चेहऱ्याच्या हालचालींचा, आठवा श्रवणाचा आणि तोलाचा. हृदयाच्या विद्युत्-आलेखात हातापायांवरून घेतलेल्या पहिल्या तीन लीड रोमन एक, दोन, तीन या नावांनीच ओळखल्या जातात. त्या आइन्थोवेन या डच शास्त्रज्ञाने रूढ केल्या आणि त्याला १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तदाब मोजताना कानाला येणारे आवाज कोरोत्कोव या रशियन शल्यवैद्याने १९०५ साली वर्णिले. त्या आवाजांच्या पाच अवस्था पाठ्यपुस्तकांत रोमन अंकांनी मांडतात. पहिल्या अवस्थेवर वरचा दाब टिपायचा आणि पाचवीवर, म्हणजे आवाज पूर्ण थांबला की, खालचा. रशियनांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या गावात शिकणाऱ्या मुलीच्या कानाशी हाही एक रशियन रोज येतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. काही ठिकाणी रोमन अंक केवळ नाव असतो, तर काही ठिकाणी पायरी असतो. आठवा मज्जातंतू सातव्याहून मोठा किंवा अधिक आजारी नसतो; ते त्याचे नाव आहे. परंतु कर्करोगाची स्टेज एक ते चार, किंवा हृदयविकाराच्या रोग्याची, न्यूयॉर्कच्या हृदयसंस्थेने १९२८ साली ठरविलेली, एक ते चार श्रेणी, या चढत्या पायऱ्या आहेत. त्या श्रेणीत पहिला रोगी नेहमीची कामे विनात्रास करतो, चौथ्याला स्वस्थ पडल्या जागीही धाप लागते. केसपेपरवरच्या दोन रेघांची कोणी चुकून तीन रेघा अशी नक्कल केली, तर बाहेर बाकावर बसलेल्या एका कुटुंबाची आशा त्या एका रेघेने खचते.

रक्त गोठविणाऱ्या घटकांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. निरनिराळ्या देशांतले संशोधक एकाच घटकाला निरनिराळी नावे देत होते आणि मोठा घोटाळा माजला होता. तेव्हा एका आंतरराष्ट्रीय समितीने या घटकांना रोमन अंक देण्याचे ठरविले आणि १९६०च्या आसपास ही पद्धत रूढ झाली. आज ही माळ तेरापर्यंत जाते. तिच्यात सहावा घटक नाहीच, कारण ज्याला सहावा म्हटले तो पाचव्याचेच सक्रिय रूप ठरला. चौथा म्हणजे आपले साधे कॅल्शियम. आठव्या घटकाची उणीव असली तर हिमोफिलिया ‘ए’, आणि नवव्याची असली तर हिमोफिलिया ‘बी’. सातव्याची उणीव हा आणखी वेगळा आणि विरळा विकार आहे. आता रोमन लिपीत सात आणि आठ यांच्यात अंतर किती? एका उभ्या रेघेचे. साध्या अंकांत सात आणि आठ यांची तोंडे एकमेकांसारखी नाहीत. रोमन अंकांत ती जुळ्या भावंडांसारखी आहेत.

मोहन नगरातल्या त्या मुलीचे शिक्षण संपून ती रात्रपाळीला उभी आहे, असे आता कल्पावे. गुडघा सुजलेला, वेदनेने कण्हणारा हिमोफिलियाचा एक मुलगा दाखल झाला आहे. शीतकपाटातून औषधाची कुपी काढायची आहे. खोक्यावरच्या व्हीपुढे दोन रेघा आहेत की तीन, हे झोपेने जडावलेल्या डोळ्यांना कळले पाहिजे. ती रेघांवर बोट ठेवून मोजते, मोठ्याने ‘आठ’ म्हणते, शेजारच्या सिस्टरकडून तेच पुन्हा वाचून घेते, आणि केसपेपरवरच्या नोंदीशी ताडून मगच कुपी फोडते. या साऱ्याला अर्धे मिनिट लागत असेल. सात अक्षरांच्या त्या शिक्षणाचे सार या अर्ध्या मिनिटात आहे.

आणखी एक गोष्ट शिकावी लागते, आणि ती नियमांच्या यादीत नसते. रोमन अक्षर दिसले म्हणजे तो रोमन अंक असेलच असे नाही. आय आणि व्ही एकत्र आले तर एखाद्या ठिकाणी चार; पण इंजेक्शनाच्या नोंदीत तीच अक्षरे ‘शिरेतून’ या अर्थाची. क्ष-किरणांना रोंटगेनने १८९५ साली एक्स हे अक्षर दिले ते बीजगणितातल्या अज्ञात राशीसारखे. दहाशी त्याचा संबंध नाही. आपल्या औषधांच्या नियमावलीत विशेष निर्बंधाच्या औषधांची एक्स नावाची अनुसूची आहे, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ते अक्षर तांबड्या रंगात छापलेले असते. ती दहावी अनुसूची नव्हे; त्या अनुसूचींना इंग्रजी अक्षरांचीच नावे आहेत.

सर्वांत फसवी जागा व्हीची. हृदयाच्या आलेखात छातीवरून घेतलेल्या सहा लीडपैकी पहिलीला ‘व्ही-वन’ म्हणतात. तेथला व्ही म्हणजे विद्युत्-दाबाचे आद्याक्षर, पाच नव्हे. उलट चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूला तीन शाखा आहेत, आणि त्यांतल्या पहिलीलाही ‘व्ही-वन’च म्हणतात. तेथला व्ही मात्र खरोखरच पाच. आणि घाईच्या हस्ताक्षरात व्हीशेजारचा एकचा आकडा उभ्या रेघेसारखा आला, तर तोच मजकूर सहावा मज्जातंतू होऊन बसतो. एकाच खुणेचे तीन अर्थ! त्यांतला खरा कोणता, हे त्या खुणेकडे टक लावून कळत नाही. तिच्या आजूबाजूचे वाक्य वाचावे लागते. तेही संदिग्ध असेल, तर लिहिणाऱ्याला विचारावे लागते.

ही संदिग्धता वैद्यकाने ओळखली आहे आणि आपल्या सवयी बदलल्याही आहेत. मधुमेहाचे दोन प्रकार पूर्वी रोमन अंकांनी लिहीत. १९९७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने ते साध्या अंकांनी लिहावेत असे ठरविले. त्याचे कारणही त्यांनी नोंदविले: दोन रेघा पाहून सामान्य माणूस अकरा समजेल. आंतरराष्ट्रीय एककासाठी आय आणि यू ही अक्षरे वापरीत. ती घाईत ‘शिरेतून’ किंवा ‘दहा’ अशी वाचली जातात, म्हणून २००४ सालापासून अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने ती वर्ज्य अक्षरांच्या यादीत घातली. आपल्याकडेही २०१६ साली वैद्यकीय परिषदेच्या नियमांत दुरुस्ती होऊन डॉक्टरांनी औषधाची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या छापील अक्षरांत लिहावीत असे सांगण्यात आले.

यावरून शिकणाऱ्याने आपला नियम बांधावा. रोमन अंक वाचता आलेच पाहिजेत. कारण पुस्तके, आलेख आणि कुप्यांवरची नावे त्यांत आहेत. नाव म्हणून ते जसेच्या तसे नकलता आले पाहिजेत. कारण रूढ नावात स्वतःची सुधारणा करणे हाही एक घोटाळाच. परंतु मात्रा, वेळ आणि गोळ्यांची संख्या स्वतःच्या हाताने लिहायची वेळ आली, की तेथे रोमन अंकाला थारा देऊ नये. तेथे साधा अंक लिहावा, शंका असेल तर अक्षरांतही लिहावा. वाचताना तीन लिप्या, लिहिताना एकच.

महाराष्ट्रात पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात आरंभीच रोमन अंक येतात. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. रुग्णालयात ते पुन्हा भेटतात तेव्हा काहींना आपण मागे पडलो अशी लाज वाटते, आणि लाजेपोटी माणूस विचारायचे टाळतो. खरा धोका येथे आहे. न येणारा अंक एका संध्याकाळी शिकता येतो. एका वहीत डावीकडे रोमन, मध्ये साधा आणि उजवीकडे मराठी शब्द असे तीन रकाने आखून एकपासून पन्नासपर्यंत दोनदा लिहिले की काम होते. रुग्णसेवेत पन्नासापलीकडचे रोमन अंक क्वचितच भेटतात. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर, जी अक्षरे अंकांसारखी दिसतात पण अंक नाहीत, त्यांची यादी करावी. हे पान अनुभवाने वाढत जाते. मात्र विचारण्याचे धैर्य वहीतून येत नाही; ते ज्येष्ठांनी धाकट्यांना द्यावे लागते. ‘एवढेही येत नाही का?’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठाच्या हाताखाली रेघा चुकतात. ‘पुन्हा वाच, मी ऐकते’ म्हणणारीच्या हाताखाली त्या सुधारतात.

मोहन नगरातल्या त्या घरी आजीच्या माहेरची एखादी जुनी जमाखर्चाची वही कदाचित पेटीच्या तळाशी असेल. तीत अंकापुढे दोन उभ्या रेघा असतील आणि आजी त्या ‘अर्धा’ म्हणून वाचील. नात हसून म्हणेल, आमच्याकडे याला दोन म्हणतात. दोघींचेही बरोबर असेल. मात्र दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर तशाच दोन रेघा केसपेपरवर दिसल्या, तर ती नात क्षणभर थांबेल, मागचेपुढचे वाक्य वाचील, आणि तरीही संशय उरला तर डॉक्टरांकडे जाऊन विचारील, “साहेब, हे दोनच ना?”